वडीलधाऱ्यांना मोबाईलवर हवे ते सापडावे म्हणून
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा मराठीचा मास्तर आज काँप्युटरच्या गावाला कशासाठी निघाला? पण मोबाईलवरचा शोध हा मुळात शब्दांचा मामला आहे. मनुष्य एक शब्द देतो आणि यंत्र त्या शब्दावरून माहिती हुडकून आणते. शब्द कोणता द्यावा, तो कसा लिहावा, यंत्राने आणलेल्या दहा ओळींतील आपली ओळ कोणती, हे सारे वाचन-लेखनाचेच प्रश्न आहेत. आणि या प्रश्नांपाशी आज सर्वांत जास्त कोण अडत असेल, तर आपल्या घरातील साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे.

पूर्वी शोध घेणे म्हणजे माणसाला विचारणे होते. एस. टी. किती वाजता हे स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारावे, मनिऑर्डर आली का हे पोस्टमनला, सात-बाराचे काम तलाठ्याला, गोळी जेवणाआधी की नंतर हे कंपाउंडरला आणि चाँद दिसल्याची खबर आली का हे मशिदीत पेशइमामसाहेबांना. समोरचा मनुष्य अर्ध्या वाक्यावरून प्रश्न ओळखत असे. “ते आपलं मागच्या वेळचं कागद...” एवढे म्हटले तरी तलाठ्याला कागद समजत असे. आज खिडकीपलीकडचा मनुष्य मान वर न करता सांगतो, “मोबाईलवर बघा.” पेन्शनर मंडळींचा हयातीचा दाखलाच घ्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू झाली आणि २०२१ पासून मोबाईलपुढे चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला. सोय फार मोठी आहे, यात शंका नाही. पण ती सोय ज्याच्यासाठी केली, त्याला ती आधी मोबाईलमध्ये सापडावी लागते! २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे १० कोटी ३८ लाख होती. आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. मुलगा कुवेतला, दुसरा मुंबईला, आणि चिरेबंदी घरात दोन वृद्ध जीव व एक मोबाईल, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

माझे म्हणणे असे आहे की, या मंडळींना मोबाईलवर हवे ते सापडत नाही त्याचे खापर त्यांच्या वयावर फोडणे योग्य नाही. ज्याने साधन बनवले त्याने मनात एक माणूस धरलेला असतो. त्या माणसाची नजर तीक्ष्ण आहे, बोट हलके आहे, त्याला इंग्रजी येते, शुद्धलेखन पक्के आहे आणि जाहिरात कोणती व माहिती कोणती हे त्याला आपोआप कळते. असा माणूस पंचविशीत भेटतो. पंचाहत्तरीत कसा भेटेल?

प्रथम डोळ्याचे पाहू. आपल्या भाषेत चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. त्या वयाच्या सुमारास डोळ्याच्या भिंगाचा लवचिकपणा कमी होतो व जवळचे अक्षर पुसट होते, हे आपल्या वाडवडिलांना भाषेतूनच ठाऊक होते. पण पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. साठीनंतर बाहुली लहान राहते, डोळ्यात उजेड कमी शिरतो आणि भिंगावर पिवळसर झाक चढत जाते. त्यामुळे निळ्या छटांतील फरक ओळखणे कठीण होते. आता शोधाच्या पानाकडे पाहा. न उघडलेली ओळ निळी, उघडून पाहिलेली जांभळी! तरुणाला तो फरक सहज दिसतो. आजोबांना दोन्ही सारख्याच, म्हणून ते पुन्हा पुन्हा तीच ओळ उघडतात आणि घरातली मुले हसतात.

जगातील संकेतस्थळांसाठी नियम सुचवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम नावाची संस्था आहे. तिने २००८ सालीच सांगून ठेवले आहे की, अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ असावे आणि मजकूर दुप्पट मोठा केला तरी पानाचा उपयोग अडू नये. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे छापणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नसावा. आपल्या देवनागरीची तर वेगळीच गरज आहे. रोमन लिपीला वर-खाली मात्रा नसतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, पाय मोडलेली अक्षरे. तेवढ्याच उंचीत एवढे सगळे बसवले की मूळ अक्षर बारीक होते. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकच दिसू लागतात. म्हणून मराठी शोधसाधन बनवणाऱ्याने इंग्रजीचे माप उचलून चालणार नाही, अक्षर मोठे व दोन ओळींतील जागा सैल ठेवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळ्यानंतर बोट. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला की, नेम धरलेली जागा जितकी लहान व जितकी दूर, तितका तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ अधिक. बटणांच्या बाबतीत तो आजही वापरतात. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात बोटाने दाबण्याची जागा सुमारे ९ मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. पण कीबोर्ड उघडून एकेक अक्षराची जागा पट्टीने मोजून पाहा, तीही मराठी कीबोर्डवर, जिथे अक्षरे जास्त आणि जागा तेवढीच! त्यात ज्या हातांनी आयुष्यभर नांगर धरला, जाळी ओढली, भांडी घासली, त्यांच्या बोटांची कातडी जाड व कोरडी झालेली असते. मोबाईलचा पडदा दाबाने चालत नाही. बोटातून होणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर तो चालतो. कोरडे बोट त्याला नीट जाणवत नाही. मग माणूस जोर लावतो, बोट रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या बोटाचा अर्थ मोबाईल भलताच घेतो. चित्र जागेवरून सुटते, कधी पुसलेही जाते. “माझा मोबाईल बिघडला” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या चाचांचा मोबाईल पुष्कळदा ठणठणीत असतो, रेंगाळलेल्या बोटाने एक चित्र दुसरीकडे नेऊन ठेवलेले असते.

यावर उपाय नाही असे नव्हे. जपानमध्ये वृद्धांसाठी ‘राकुराकु’ म्हणजे ‘आरामात’ या नावाचे फोन १९९९ पासून निघाले. २०१२ साली त्याच नावाचा स्मार्टफोन आला, तेव्हा त्याच्या पडद्याला बोट नुसते लागले तर तो ते मोजत नसे, खरोखर दाबले तरच मोजत असे. तेथील कोणीतरी म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याचे बोट पाहिले असले पाहिजे, त्याशिवाय ही कल्पना सुचत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे शब्दांकडे येतो. आपल्यासारख्या वाचकांना याची झळ अगदी स्वतःच्या नावापासून लागते. एकच मुबारक नाव आपण कसे कसे लिहितो पाहा : महंमद, मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद. फातिमा, फातेमा, फातमा. कासम, कासिम. आणि ज्या नावांत मूळचा ‘ज़’ आहे तिथे तर शाळेच्या दाखल्यावर ‘जैनब’, रेशनकार्डावर ‘झैनब’. मतदारयादीत नाव शोधायला बसलेले आजोबा आपल्या पद्धतीने नाव घालतात, यंत्र म्हणते, असा कोणी नाही. माणूस समोर बसलेला, आणि यंत्र सांगते, असा कोणी नाही!

ही अडचण नवीन नाही व तिचे उत्तरही नवीन नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल व मार्गारेट ओडेल यांनी ‘साउंडेक्स’ नावाची एक पद्धत काढली, तिचे पहिले पेटंट १९१८ सालचे आहे. तेव्हा काँप्युटर कुठे होता? कार्डांवर नावे लावण्यासाठी ती पद्धत होती. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, मधले स्वर सोडून द्यायचे आणि उच्चारात जवळची व्यंजने एका गटात घालून त्या गटाचा आकडा लिहायचा. मग स्पेलिंग वेगळे असले तरी एकाच उच्चाराची नावे एका जागी येतात. आपण विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग मराठीत करून पाहावा. वर दिलेल्या चारही नावांतले स्वर काढा, जोडाक्षर व अनुस्वार सोडवा, दुहेरी ‘म’ एकदाच धरा. चारही ठिकाणी म-ह-म-द हाच सांगाडा शिल्लक राहील. ‘ज’ आणि ‘झ’ एका गटात टाकले की जैनब व झैनब एकमेकींना भेटल्या. दुसरी एक रीत आहे. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली ती मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती खुणा घालाव्या, गाळाव्या किंवा बदलाव्या लागतात तेवढे त्यांतील अंतर. ‘फातिमा’पासून ‘फातेमा’ एका खुणेच्या अंतरावर आहे. इतके जवळचे असेल तर “आपल्याला हे म्हणायचे आहे का?” असे विचारण्याचे सौजन्य यंत्राला शिकवता येते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर मराठीत पदवीधरही करतात. ‘निवृत्तिवेतन’ की ‘निवृत्तीवेतन’ या वादात एखाद्या वृद्ध विधवेची पेन्शन अडकू नये. शुद्धलेखनाचे गुण कापायला आम्ही शिक्षक आहोत, शोधयंत्राने ते काम करू नये.

शब्द बरोबर लिहिला तरी दुसरा घोटाळा उरतोच. घरात बोलायची भाषा आणि संकेतस्थळावर लिहायची भाषा निराळी. दादी म्हणते ‘दवाखाना’, पाटीवर लिहिलेले असते ‘हॉस्पिटल’, सरकारी कागदावर ‘रुग्णालय’. दादी म्हणते ‘शुगर’, पत्रकात ‘मधुमेह’. आणि आजार सांगण्याची आपली तऱ्हा तर सगळी वाक्प्रचारांची! “पायाला मुंग्या येतात.” शब्दाला शब्द जुळवणारे यंत्र यावर मुंग्या मारण्याची पावडर काढून दाखवील. वास्तविक ही तक्रार साखरेच्या रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून सांगावी अशी आहे. “छातीत कळ येते” असे कोणी लिहिले किंवा बोलले तर चांगल्या साधनाने घरगुती काढ्यांची यादी दाखवत न बसता मोठ्या अक्षरांत प्रथम १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक द्यावा व एका बोटाने तो लागावा. अशा बोलींचा, वाक्प्रचारांचा, एकाच वस्तूच्या चार नावांचा संग्रह करणे हे काम इंजिनिअरला एकट्याने जमणारे नाही. ते मराठी व उर्दू चांगले जाणणाऱ्या मुला-मुलींचे काम आहे. काही पालक मला विचारतात, “सर, भाषा घेऊन मुलगी काय करणार?” त्यांनी हेही एक उत्तर लक्षात ठेवावे.

टाइप करण्याऐवजी बोलून शोध करता येतो, हे आपणास ठाऊक आहेच. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून लिहिण्याची सोय आठ भारतीय भाषांत वाढवली, त्यांत मराठी होती व उर्दूही होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच नेमत आहे. तथापि तेथेही गृहीत धरलेला माणूस तरुणच. वयस्क मनुष्य बोलता बोलता थांबतो, आठवतो, “अं... त्याचं नाव काय ते...” म्हणतो. एवढ्यात यंत्राला वाटते बोलणे संपले, आणि ते अर्ध्याच वाक्याचा शोध घ्यायला धावते. थांबण्याची मुदत थोडी वाढवली तर काय बिघडेल? किंवा बोलणाऱ्यानेच ‘झाले’ म्हणून बटण दाबावे, तोवर यंत्राने ऐकत राहावे. आणि काय ऐकले ते मोठ्या अक्षरांत दाखवून, वाचून दाखवून मगच पुढे जावे. पोस्टातला जुना कारकून तारेचा मजकूर वाचून दाखवून मगच पैसे घेत असे, तसे.

बोलीचा प्रश्नही आहे. यंत्र ऐकायला शिकते ते माणसांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांवरून. त्यांत ज्यांचे आवाज थोडे, त्यांचे बोलणे त्याला कमी समजणार. दात पडलेल्या तोंडातले उच्चार, कापरा आवाज, कोकणी मुसलमानांची बोली, दख्खनी, एका वाक्यात मराठी आणि उर्दू मिसळण्याची आपली सवय, हे सगळे त्याच्या कानावर पडायला हवे. मोझिला या संस्थेने २०१७ मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात कोणीही दिलेली वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो, दुसरे लोक ते वाचन तपासतात आणि जमा झालेले आवाज सर्वांना मोफत वापरता येतात. मराठीही त्यात आहे. आवाज देणाऱ्याला आपला वयोगट सांगता येतो. सुट्टीत कॅरम खेळून कंटाळलेल्या मुलांनी आपल्या वाचता येणाऱ्या आजोबांची परवानगी घेऊन त्यांचा आवाज तेथे पोहोचवला तर तेही एक दानच होईल.

आता सर्वांत नाजूक भाग. शोध केला, ओळी आल्या. पहिली ओळ कोणाची? पुष्कळदा ती पैसे देऊन बसवलेली जाहिरात असते. वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले असते. जुन्या पिढीची समजूत अशी की, जे पहिले ते मानाचे व खरे. रांगेत पहिला उभा राहिलेला मनुष्य पैसे देऊन पुढे आला असेल, ही शंका त्यांच्या सरळ मनाला येत नाही. त्याहून वाईट म्हणजे भामटे लोक बँकेच्या किंवा गॅस कंपनीच्या नावाने स्वतःचा नंबर इंटरनेटवर पेरून ठेवतात. आपला मनुष्य ‘बँकेचा कस्टमर केअर नंबर’ म्हणून शोधतो, समोर येईल तो फिरवतो, आणि पलीकडचा गोड आवाज त्याच्याकडून ओटीपी काढून घेतो किंवा एखादे ॲप मोबाईलमध्ये उतरवायला लावतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ‘बी अवेअर’ नावाची पुस्तिका काढली, तिच्यात शोधयंत्रावर सापडलेल्या अशा नंबरांच्या फसवणुकीला वेगळी जागा दिली आहे. हज यात्रेसाठी, मुलीच्या लग्नासाठी पै पै साठवलेली रक्कम पाच मिनिटांत जाते. आणि गेलेल्या पैशापेक्षा घरात “तुम्हाला कोणी सांगितलं होतं नंबर शोधायला?” हा प्रश्न जास्त लागतो. कित्येक जण तो टाळण्यासाठी फसवणूक लपवतात, आणि लपवण्यात वेळ जातो. पालकहो, असे घडले तर रागावणे नंतरसाठी ठेवावे. आधी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा व बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची आशा जास्त. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा. शोधण्याची वेळच येऊ देऊ नये.

पण कॅलेंडरवर लिहून ठेवणे हा आपला उपाय झाला, साधन बनवणाऱ्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. वृद्धांसाठी शोधसाधन करायचे तर त्यात जाहिरात वेगळ्या रंगाच्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत ‘ही जाहिरात आहे’ असे म्हणून यावी, किंवा येऊच नये. बँक, दवाखाना, सरकारी कचेरी यांचा नंबर मूळ ठिकाणाहून पडताळलेला असेल तरच दाखवावा. दहा ओळींऐवजी तीन द्याव्यात आणि ‘आणखी पाहा’ म्हणून खाली मोठे बटण ठेवावे. चुकून भलतीकडे गेलेल्याला परत मूळ जागी आणणारे बटण प्रत्येक पानावर एकाच कोपऱ्यात असावे. भिंगाचे चित्र काढून सोडून देऊ नये, त्याच्याशेजारी ‘शोधा’ असा स्वच्छ शब्द लिहावा. काल केलेला शोध आज पुन्हा आठवून लिहायला लावू नये, तो समोर ठेवावा, कारण नाव आठवण्यापेक्षा पाहून ओळखणे कोणत्याही वयात सोपे असते. हज यात्रेकरूंसाठी अल्पसंख्याक मंत्रालयाने २०२४ साली ‘हज सुविधा’ हे ॲप सुरू केले. मिनाच्या मैदानात एकसारख्या हजारो पांढऱ्या तंबूंतून आपला तंबू शोधणाऱ्या सत्तर वर्षांच्या हाजीसाहेबांचा विचार करा. त्यांच्याकडून काही लिहून घेण्याची ती जागा नव्हे. त्या घडीला पडद्यावर एकच मोठे बटण हवे, ‘माझा मुक्काम’, आणि ते नेटवर्क नसतानाही चालायला हवे.

काही कंपन्या ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून निराळे रूप देतात. चीनमध्ये २०२० च्या अखेरीस सरकारने आदेश काढल्यावर तेथील मोठमोठ्या ॲपनी पुढच्या वर्षी अशी रूपे तयार केली. प्रयत्न चांगला आहे. मला मात्र वेगळ्या खोलीत बसवण्याची ही रीत फारशी पसंत नाही. बहुतेक वेळा ते रूप सेटिंगच्या सातव्या पायरीवर दडवलेले असते, म्हणजे ज्याला शोधता येत नाही त्यानेच ते शोधायचे! शिवाय कोणालाही आपण म्हातारे झालो असे यंत्राकडून ऐकायला आवडत नाही. मोठे बटण, स्पष्ट अक्षर, सरळ शब्द यांचा त्रास तरुणाला होत नाही. उन्हात उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही त्यांचा उपयोगच होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वयस्क माणसाचे सर्वच शोध चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. लघवीला त्रास होतो, मूळव्याध आहे, झोप लागत नाही, जमिनीच्या वाटणीबाबत कायदा काय म्हणतो, ही माहिती त्याला स्वतःची स्वतः हवी असते. नातवाला सांगून शोधून घ्यायचे म्हणजे लाज वाटते, मग तो शोधतच नाही. आईबापांपुढे कपाळाला आठी घालू नये, ‘उफ्’सुद्धा करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. “आणा इकडे, तुम्हाला नाही जमत” असे म्हणून हातातून मोबाईल हिसकावून घेणे हे त्या ‘उफ्’पेक्षा फार वेगळे आहे काय, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. शिकवताना मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्यावा व बोटही त्यांचेच चालू द्यावे. दहादा विचारतील, दहादा सांगावे. त्यांनी आपल्याला पाढे किती वेळा सांगितले होते?

ज्या विद्यार्थ्यांना पुढे काँप्युटरच्या शिक्षणाला जायचे आहे त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. त्याला लॅब लागत नाही. घरातील किंवा शेजारचे एक वयस्क माणूस निवडावे, त्यांची संमती घ्यावी आणि त्यांना एक खरेखुरे काम द्यावे : तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा नंबर काढणे, एस. टी.ची वेळ पाहणे, कुवेतच्या मुलाचा मागच्या महिन्यातला फोटो हुडकणे. मग शेजारी गप्प बसावे. हे गप्प बसणेच सर्वांत कठीण आहे! बोट कुठे थांबले, कोणता शब्द लिहिला, कोणत्या चित्राला काय समजले, कुठे निःश्वास टाकून मोबाईल खाली ठेवला, हे वहीत लिहावे. परीक्षा साधनाची आहे, त्यांची नाही, हे त्यांना आधीच सांगावे, नाहीतर ते संकोचतात. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहिले की, असे पाच जण पाहिले तरी साधनातील बहुतेक दोष उघडे पडतात. पाच वयस्क माणसे आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. सातवी ते दहावीच्या मुला-मुलींनी अशा वह्या आणून दिल्या तर त्या वाचायला मी तयार आहे, आणि त्यांतून आपल्या भागातले शब्द, नावांची लेखने व अडलेल्या जागा यांची एक यादी आपण तयार करू.

तोपर्यंत पालकांनी घरी जाऊन एवढे करावे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले या भागात जाऊन अक्षराचा आकार वाढवावा. ॲक्सेसिबिलिटी या भागात बोट किती वेळ टेकले म्हणजे ‘धरून ठेवले’ असे समजायचे ती मुदत लांबवता येते, ती लांबवावी. कीबोर्डला मराठी व आपल्या घरात चालत असेल तर उर्दूही जोडावी, माइकचे चित्र कुठे आहे ते दाखवावे. नको असलेली ॲप काढून पहिल्या पानावर सहाच ठेवावीत. घरातल्या माणसांचे नंबर ‘अब्दुल १’, ‘अब्दुल २’ असे न ठेवता त्यांच्या फोटोसह व नात्याने ठेवावेत : ‘मोठा मुलगा कुवेत’, ‘मुलगी चिपळूण’, ‘डॉक्टर’. हे सारे करताना ज्यांचा मोबाईल आहे त्यांना शेजारी बसवावे आणि विचारून करावे.